धारखिंडला बघायला काय आहे

डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी गाडी काढावी, धारखिंडला जावं, नंदाला तिचं जन्मगाव दाखवावं आणि संध्याकाळच्या चहाला डोंबिवलीत परत यावं, एवढाच मूळ बेत होता. यात बिघडण्यासारखं काही आहे असं मला अजूनही वाटत नाही. पण उभी नोकरी शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणून काढलेल्या माणसाने तरी हे ओळखायला हवं होतं की साधं काम जितकं साधं, तितक्या त्याला वाटा फुटतात.

धारखिंड म्हणजे माळशेजच्या अंगाला, मुख्य रस्ता सोडून बरंच आत, डोंगराच्या खांद्यावर बसवलेलं कारखान्याचं गाव. बांबूपासून कागद करायचा सरकारी कारखाना आणि त्याच्या भोवती कामगारांची कॉलनी. नंदाचे वडील तिथे बॉयलरवर होते. सातवीपर्यंत ती तिथे वाढली, मग वडिलांची बदली झाली आणि गाव सुटलं. सुटलं म्हणजे नकाशावरून. आमच्या घरातून ते कधीच गेलं नाही. मी तिला मनालीला नेलं, तर बर्फाकडे बघून ती म्हणाली की छान आहे, पण आमच्या धारखिंडची थंडी कोरडी असायची. उटीला चहा प्यायला, तर आमच्या धारखिंडच्या कॅन्टीनचा दाट असायचा. लग्नात माणसाला एक सासू मिळते. मला धारखिंड धरून दोन मिळाल्या, आणि दुसरीला वाकून नमस्कार करायची संधीसुद्धा नव्हती.

मी इतकी वर्षं टाळाटाळ करत होतो त्याचं कारण वेगळंच होतं. कारखाना कधीच बंद पडला होता. हे नंदालाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि डोळ्यांनी बघणं यात फरक आहे. तिथे जाऊन ती गप्प झाली तर काय करायचं, याचं मला उत्तर सापडत नव्हतं. नंदा गप्प झाली की मला घरात स्वतःचा चष्मासुद्धा सापडत नाही.

यंदा मात्र तिच्या दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि हिंडता-फिरता येऊ लागल्यावर पहिलं कुठे जायचं असं डॉक्टरांनी सहज विचारलं. ती म्हणाली, धारखिंडला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. झालं.

मानपाड्यातल्या आमच्या सोसायटीत बातमी पसरायला लिफ्ट बंद असली तरी वेळ लागत नाही. तिसऱ्या मजल्यावरचा मितेश प्रवासाच्या बाबतीत आमच्या बिल्डिंगमधला शेवटचा शब्द आहे. त्याने तिथल्या तिथे फोनवर धारखिंड शोधलं. गावाबद्दल जगात दोनच माणसांनी मत नोंदवलं होतं. एकाने लिहिलं होतं, नेटवर्क नाही. दुसऱ्याने चहाच्या टपरीला एक तारा दिला होता, आणि त्या टपरीचा फोटो म्हणून चुकून स्वतःचा अंगठा टाकला होता. "काका, एमआयडीसीच बघायची तर इथे गच्चीवरून दिसते ना," मितेश कळवळून म्हणाला. बाकीच्यांचंही थोड्याफार फरकाने हेच म्हणणं होतं. माणूस डोंबिवलीतून सुट्टीला जातो तो कारखान्यांपासून लांब. कारखाना बघायला, तोही बंद, कोण जातं? महाबळेश्वरची हॉटेलं, अलिबागचे बंगले, एका बाईंनी तर शेगावची गाडीसुद्धा सुचवली. सगळ्यांचा प्रश्न एकच: तिथे बघायला काय आहे? मलाही तो पडला होता, त्यामुळे मला सगळ्यांचाच राग आला.

तळमजल्यावरच्या काळुरामशेठने मात्र वेगळा प्रश्न विचारला. आमची बिल्डिंग उभी आहे ते त्याच्या वडिलांचं भाताचं खाचर होतं. त्यामुळे बिल्डिंगमधल्या प्रत्येक बाबीत त्याला मत असणं हे त्याच्या दृष्टीने सातबाऱ्यावरच आलेलं. त्याने विचारलं, "तावरेसर, तुमी कंच्या गारीन जाव?"

मी तावडे. त्याच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो, आणि मी शाळेत फक्त हेडक्लार्क होतो, सर नव्हतो, हे दोन्ही मी त्याला पूर्वी समजावून सांगितलं आहे. आता सांगत नाही. मी माझ्या गाडीकडे बोट दाखवलं. निवृत्तीनंतर घेतलेली सेकंडहँड, पण माझी. काळुरामने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आजाऱ्याच्या घरातून निघताना माणूस बोलतो तशा आवाजात म्हणाला, "बरं."

मी रीतसर माणूस आहे. कॉलनीत शिरायला परवानगी लागते असं कळल्यावर मी कारखान्याच्या शहरातल्या ऑफिसात अर्ज केला. भेटीचे कारण या रकान्यात कार्यालयीन, कंत्राटी आणि नातेवाईक असे तीनच पर्याय होते. मी तिन्ही खोडून प्रामाणिकपणे लिहिलं, 'पत्नीचे बालपण'. पंधरवड्याने उत्तर आलं की सदर बाबीचा पुरावा जोडावा. मी नंदाचा शाळा सोडल्याचा दाखला जोडला. त्यावर उत्तर आलं की दाखला फार जुना आहे, अलीकडचा पाठवावा. अशी उत्तरं मीही उभ्या हयातीत लोकांना पाठवली आहेत, म्हणून त्या माणसाची भाषा मला घरच्यासारखी वाटली, आणि काही करता येणार नाही हेही लगेच समजलं.

"न विचारताच जाऊ," नंदा म्हणाली. "आपल्याच घरी जायला कसली परवानगी?"

ठरल्या सकाळी माझी गाडी सुरू झाली नाही. मी चावी फिरवली की ती एकदा खोकायची आणि पुढचा निर्णय माझ्यावर सोपवायची. मग वॉचमन, दूधवाला, मितेश आणि शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या दोन आया असे सगळे मिळून तिला ढकलत गेटपर्यंत घेऊन गेले. तिथे ती थांबली, ती अशी की शाळेची बस आत येईना आणि सोसायटीतलं कोणी बाहेर जाईना. मी स्टिअरिंग धरून समोर बघत होतो. अशा वेळी माणसाने समोर बघावं. नंदा शेजारी मांडीवर पर्स घेऊन, आम्ही मुरबाडच्या पुढे पोचलो असल्यासारखी शांत बसली होती.

काळुराम बनियनवर, दात घासत बाहेर आला. त्याने परिस्थिती पाहिली आणि तो आत गेला. थोड्याच वेळात पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात बोटभर जाडीची साखळी, अशा वेशात तो परत आला, आणि गेटबाहेर लावलेली त्याची ती प्रचंड पांढरी गाडी त्याने समोर आणून उभी केली, जिच्या पुढच्या काचेवर 'काळुराम शेठ' आणि मागच्या काचेवर 'एकवीरा आई प्रसन्न' असं लिहिलेलं आहे. बायकोने बांधून दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी त्याने पुढच्या सीटवर ठेवली. "वयनी, बसा," तो म्हणाला. मला त्याने काही म्हटलं नाही. मी आपला मागून चढलो.

शहाडच्या पुलावर आम्ही इतका वेळ उभे होतो की शेजारच्या टेम्पोतल्या माणसाशी काळुरामची ओळख निघाली. तो त्याच्या मेहुणीचा चुलतदीर होता. मुरबाडच्या रस्त्याला लागल्यावर कळलं की काळुरामला तसे नातेवाईक दर दोन गावांना आहेत, आणि त्यांच्या दारावरून चहा न पिता जाणं हा अपमान असतो. तीन घरी चहा झाला. चौथ्या घरी माणसं नव्हती, म्हणून काळुराम हळहळला. त्यानंतर फोनमधल्या बाईच्या सांगण्यावरून आम्ही आत वळलो आणि एका कोंबड्यांच्या शेडसमोर जाऊन थांबलो. 'आपण पोचला आहात,' ती म्हणाली. नंदाने पहिल्यांदाच तोंड उघडलं. फोन बंद करा म्हणाली, आणि खिडकीतून डोंगराकडे बघत तिने रस्ता सांगायला सुरुवात केली. त्या सुळक्याच्या डाव्या अंगाने. आता खाली ओढा लागेल. लागला. घाटात एका माकडाने उघड्या काचेतून भाकऱ्या नेल्या. बोंबलाची चटणी त्याने हुंगून परत ठेवली, याचं काळुरामला जास्त वाईट वाटलं.

दुपार होता होता धारखिंडची कमान आली. तिच्यावरची बरीच अक्षरं पडली होती. कमानीखाली एक साखळी होती आणि साखळीशी खाकी स्वेटर घातलेला रघू नावाचा वयस्क गार्ड. मी परवानगीच्या पत्रव्यवहाराची फाईल घेऊन उतरायच्या तयारीत होतो. पण रघूने आमची गाडी पाहिली, काचेवरचं नाव वाचलं, खाड्कन सॅल्यूट ठोकला आणि साखळी सोडली. नाव नाही, गाव नाही, काही विचारलंच नाही.

ऑफिससमोर एक तिशीचा मुलगा शर्ट खोचत धावत आला. हा प्रितम, लातूरकडचा, कारखान्याच्या मालमत्तेचा इन्चार्ज. त्याने काळुरामच्या हातात झेंडूचा एक गुच्छ दिला, जो बहुधा बऱ्याच दिवसांपासून कोणाची तरी वाट बघत होता. "यावं शेठ. आम्हाला वाटलं या वेळीही कोणी येत नाही."

उलगडा असा होता: कारखान्याच्या भंगाराचा लिलाव पुकारला होता, आणि माल बघायला येण्याचा तो शेवटचा दिवस होता. काळुरामने आपलं साधं खरं ते सांगितलं, की आमी बगाया आलंव. लिलावाला येणारा माणूसही हेच म्हणतो. मी पुढे होऊन खुलासा करणार, तोच प्रितमने माझ्याकडे वळून अदबीने सांगितलं, "मुनीमजी, तुम्ही बसा सावलीला. कागदपत्रं नंतर बघू."

मुनीमजी. माझ्या काखेत फाईल होती, हे मान्य. पण तरी. मी तोंड उघडलं, तर नंदाने माझा हात दाबला. तिची नजर प्रितमच्या हातातल्या किल्ल्यांच्या जुडग्यावर होती. त्या जुडग्याने अख्खं धारखिंड उघडत होतं. मी तोंड मिटलं आणि शेठच्या मुनीमाला शोभेल असा मागे उभा राहिलो.

पोहे प्रितमच्या क्वार्टरमधून आले. ते घेऊन त्याची बायको आली, कल्पिता, लग्नाला वर्षसुद्धा झालं नसेल. बशा ठेवून ती परत निघाली. नंदाने तिला विचारलं की एकटी घरी जाऊन काय करणार, चल की आमच्याबरोबर. कल्पिताने नवऱ्याकडे न बघता उत्तर दिलं की इथे आल्यापासून ती ऑफिस आणि क्वार्टर सोडून कुठे गेलेलीच नाही. "हे म्हणतात, बघायला काय आहे."

मग आमची वरात निघाली. पुढे काळुराम, दिसेल त्या लोखंडावर बोटाच्या पेराने टकटक करून कान देत. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्याचा चेहरा इतका जाणकार झाला होता की प्रितम घामाघूम झाला. जिथे तिथे पांढऱ्या रंगाने आकडे रंगवले होते. प्रितम सांगायचा, हा लॉट सात, मिश्र लोखंड. आणि नंदा म्हणायची, हा पाळणा आहे. क्लबच्या मागच्या बागेतला. प्रितम म्हणाला, लॉट अकरा, भांडी. नंदाने पुढे होऊन त्या पातेल्याच्या कडेवरून हात फिरवला आणि सांगितलं की यात गणपतीचा मसालेभात व्हायचा, आणि ढवळायला दोन माणसं स्टुलांवर उभी राहायची, त्यातला एक तिचा बाप. आता प्रितमच्या लक्षात काहीतरी येऊ लागलं होतं. पण त्याने विचारलं नाही. तो फक्त आकडे म्हणायचा थांबला.

मी नंदाच्या चेहऱ्यावर पहारा ठेवून होतो. क्लबचं छप्पर पडलेलं होतं, शाळेच्या वर्गात रानटी तूर उगवली होती. ती बघायची आणि पुढे चालायची. शेवटी तिने एका उतारावर वळण घेतलं आणि थांबली. तिथे काहीच नव्हतं. मोकळं गवत, आणि मध्ये धुण्याचा एक दगड. प्रितम दबक्या आवाजात म्हणाला की या ओळीतली घरं धोकादायक म्हणून पाडली.

हाच तो क्षण ज्याला मी इतकी वर्षं भ्यालो होतो. मी फाईल उघडली आणि बंद केली.

नंदा गवतात शिरली. पावलांनी काहीतरी मोजत चालली, डावीकडे वळली, थांबली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, असे दारात काय उभे? आत या. चपला काढा आधी, स्वयंपाकघर आहे ते."

मी चपला काढल्या. गवतात काटे होते. ती म्हणाली तिथे जाऊन मी उभा राहिलो. चूल इथे, पाण्याचं पिंप इथे, आणि बाप जेवायला बसायचा तो इथे, भिंतीला पाठ लावून. त्या जागी मला बसवलं. इतक्या वर्षांत सासऱ्यांच्या पानावर बसायचा मान मला पहिल्यांदा मिळत होता. मागे वळून पाहिलं तर काळुरामने आपल्या पांढऱ्या चपला बाहेर, जिथे उंबरा असायला हवा तिथे, नीट जोडून ठेवल्या होत्या आणि तो हात जोडून आत येत होता. प्रितमही बूट काढत होता. त्याच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. कल्पिता त्या मोज्याकडे बघत राहिली.

नंदा रडली नाही. कॉलनीतली दुपार कशी असायची ते सांगू लागली. भोंगा झाला की सगळे बाप घरी जेवायला यायचे. तिची आई कल्याणची, बाजारात वाढलेली. ती इथे आली तेव्हा पहिलं वर्षभर दारात उभं राहून रडायची म्हणे. मग बापाने नियम केला की काही झालं तरी दुपारी घरी. बॉयलर कोणाच्या तरी हवाली करायचा आणि यायचा. जेवण झालं की आईला घेऊन पंप हाऊसच्या खडकापर्यंत चालत जायचा. तिथून खालचा सगळा मुलूख दिसतो. आईला तो सांगायचा की ते बघ, ते कल्याण. "ते कल्याण नसणार," नंदा म्हणाली. "आईलाही माहीत होतं. पण ती बघायची."

प्रितम बुटाची नाडी बांधायला वाकला, तो बराच वेळ वर आला नाही.

चहाच्या वेळी त्याने कागद पुढे केला आणि शेठ, बोली काय लावणार, असं विचारलं. आता गत्यंतर नव्हतं. मी खाकरून सगळं सांगितलं: आम्ही भंगारवाले नाही, हे आमचे शेजारी आहेत, मी मुनीम नाही. शेवटचा मुद्दा मी थोडा ठासून मांडला. प्रितमने कागद घडी घालून खिशात ठेवला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. "म्हणजे या वेळीही कोणीच आलं नाही," एवढंच तो म्हणाला. माल विकल्याशिवाय त्याची बदली होणार नव्हती, आणि माल बघायला इतक्या आत कोणी येत नव्हतं. म्हणून तो बिचारा सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऑफिसात बसून राहायचा, डबाही तिथेच, न जाणो कोणी आलं तर.

काळुरामचा चेहरा पडला. फुकटचे पोहे खाल्ल्यासारखं झालं त्याला. मग मीच घेतंय की, तो म्हणाला. प्रितमने सांगितलं की सुटं काही देता येत नाही, सगळा कारखाना एकदम घ्यावा लागतो. काळुरामने डोळे मिटून क्षणभर विचार केला. आपली गारी भरली असती तेवढं घेतलं असतं, असं म्हणून तो अंगणात जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात घाटात धुकं उतरलं आणि रघूने येऊन सांगितलं की आता खाली जाणं बरं नाही. आम्ही गेस्ट हाऊसला राहिलो. कल्पिताने पिठलं-भाकरी केली. भांडी आवरताना तिने नंदाला हळूच विचारलं की सकाळी जाताना तिला खडवलीला सोडता येईल का. तिचं माहेर खडवली, आमच्या वाटेतून थोडं आत. बॅग भरून तयार होती. आज-उद्या एसटीने निघायचंच होतं. नंदाने का, कशासाठी, किती दिवसांसाठी, काही विचारलं नाही. सोडू म्हणाली. मला मात्र खोलीत आल्यावर तिने सांगितलं, आणि मग आम्ही दोघं बराच वेळ छताकडे बघत पडलो.

सकाळी उठलो तर प्रितम आणि कल्पिता दोघंही जागेवर नव्हते. रघूने हनुवटीनेच दिशा दाखवली, पंप हाऊसकडे. बऱ्याच वेळाने ती दोघं येताना दिसली, मध्ये हातभर अंतर ठेवून. तिच्या पदराला कुसळं चिकटली होती. बॅग मात्र दारात होती तशीच होती, आणि ती डिकीत चढवायला मला बोलावलं गेलं. मुनीमपण एका दिवसात पुसलं जात नाही. तो बॅगेला हात लावायला आला, पण त्याच्याने उचलवेना, म्हणजे मनाने. मी उचलली. माझी कंबर अजून तो क्षण विसरलेली नाही.

कमानीशी रघूने गाडी अडवली. आम्ही लिलाववाले नाही हे त्याला कळलं होतं आणि कालचा सॅल्यूट वाया गेल्याचा सल त्याच्या चेहऱ्यावर होता. आत शिरताना नोंद झालेली नव्हती, तर बाहेर कसं सोडायचं? मी फाईल काढली. नंदाचा दाखला बघून तो थोडा विरघळला. त्याच शाळेत त्याचा मोठा भाऊ होता. आमचं तिघांचं सुटलं. मग त्याने मागे वाकून पाहिलं. बाईंचं काय? कॉलनीतलं माणूस बाहेर जातं तेव्हा परत कधी, ते त्याला लिहावं लागतं. नियमच आहे.

"साहेब, परत कधी लिहू?" त्याने प्रितमला विचारलं.

प्रितम गाडीबरोबर चालत आला होता. तो कमानीकडे बघत राहिला. काळुरामने इंजिन बंद केलं. रघूला यात काही अवघड आहे हे कळत नव्हतं, तो पेन धरून उभा.

"रविवार लिहा," मागच्या सीटवरून कल्पिता म्हणाली. मग काच अजून थोडी खाली करून प्रितमला, "आणि तुम्ही न्यायला या. एसटी फाट्यावर सोडते, तिथून चालत नाही येणार मी."

प्रितमने मान डोलावली. हातांचं काय करावं हे त्याला सुचेना, म्हणून त्याने ते खिशात घातले, काढले, आणि गाडी हलली तेव्हा रघूच्या शेजारी उभं राहून चक्क सॅल्यूट केला. काळुरामने भोंग्यासारखा लांबलचक हॉर्न दिला आणि घाट उतरेपर्यंत नाक ओढत राहिला. धुक्याने सर्दी झाली म्हणाला.

टिटवाळ्यावरून आम्ही खडवलीला पोचलो. कल्पिताची आई मागच्या दाराशी तांदूळ पाखडत होती. गाडी बघून ती पुढे आली, मुलीला बघून हसली, आणि मग मी डिकीतून काढत असलेली बॅग तिने पाहिली. चार दिवसांना कोणी एवढी बॅग आणत नाही. तिचा चेहरा उतरला. सूप तसंच हातात राहिलं. तिने आमच्या तोंडांकडे पाहिलं, आम्ही अंगणातल्या तुळशीकडे.

कल्पिता वाकून पाया पडली. "रविवारपर्यंत आहे गं," ती म्हणाली. "बॅग रिकामी आणलीय मुद्दाम. जाताना तांदूळ, पापड, लोणचं, सगळं भरून न्यायचंय. आता दुपारी दोघं जेवायला असणार आहोत घरी."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हातांनी, मांडीचा टेकू देत, श्वास रोखून ती बॅग धरून होतो. नंदाही माझ्याकडेच बघत होती.

मी हसलो, आणि ती बॅग एका हातात घेऊन पायऱ्या चढलो.